ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मग तो वाचायचा कुणी?

‘ओटीपी कुणालाही सांगू नका.’ बँकेच्या भिंतीवर हे वाक्य लावलेलं असतं, मेसेजच्या शेपटाला असतं, पोलिसांच्या पत्रकात असतं. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या, मराठी चौथी शिकलेल्या आजीच्या जागी बसून ते वाचून पाहा. मेसेज इंग्रजीत आलेला आहे, अक्षरं मुंगीएवढी आहेत. सहा आकडे दिसतात, पण ते पैसे येण्यासाठी आहेत की जाण्यासाठी, हे तिला कळायला मार्ग नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे खात्यात पडले का, एवढं पाहायलाही शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. तो फोन घेतो, ओटीपी वाचतो, टाकतो, ‘झालं आजी’ म्हणून निघून जातो.

तिने नियम मोडला, आणि तो मोडल्याशिवाय तिचं काम होणारच नव्हतं.

तंत्रज्ञान सर्वांना सारखं मिळावं आणि ऑनलाइन नीट वागावं, हे शाळेत दोन वेगळे धडे म्हणून शिकवतात. गावात ते एकाच प्रसंगात, एकाच फोनवर येऊन भेटतात. म्हणून इथे ते एकत्रच घेतले आहेत. रेंज, भाषा, दृष्टी, सराव यांतलं काही कमी पडलं की माणूस दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो. त्या दुसऱ्या हाताने कसं वागायचं, हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे.

रेंज का येत नाही, आणि घरात काय करता येतं

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढासा प्रदेश, तरी सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण हे तालुके सह्याद्रीच्या उतारावर आहेत आणि तिथले वाडे दऱ्यांत विखुरलेले आहेत. २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा सांगे-सत्तरीतली मुलं रेंज शोधत डोंगर चढत होती, ती याच भूगोलामुळे. मोबाइल टॉवरच्या ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि अडथळ्याला थोडा वळसा घालून पुढे सरकतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी त्यामानाने लवकर दमतात. फाइव्ह-जी बरंचसं ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतं; त्याचा वेग मोठा, पण पल्ला छोटा. त्यामुळे पणजीत ज्या फोनवर झपाट्याने नेट चालतं, तोच सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीत जुन्या फोर-जीवर उतरतो किंवा गप्प होतो. भर पावसात ओली पानं लहर आणखी शोषतात. जांभ्या दगडाची जाड भिंत आणि वर पत्र्याचं छप्पर असेल तर घराच्या आत उरलंसुरलंही येत नाही.

पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनी त्या आपल्या मापाने दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. आकडा उणे असतो. उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० च्या आसपास काम भागतं, उणे ११० ओलांडून ११५-१२० कडे गेलं की कॉल तुटतात आणि ओटीपी त्याची मुदत संपल्यावर पोचतो. घराच्या चारही बाजूंना, खिडकीपाशी, माळ्यावर फिरून हा आकडा लिहून काढा. सर्वांत चांगला कोपरा सापडला की ओटीपीची कामं तिथेच बसून करायची. बँकेचा अर्ज अर्धा भरून अंगणात पळण्यापेक्षा हे बरं, कारण तीनदा ओटीपी चुकला की पुष्कळ सेवा काही काळासाठी कुलूप लावतात.

घरी फायबरची जोडणी असेल आणि मोबाइलची रेंज नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. मग कॉल, आणि बहुतेक फोनवर एसएमएससुद्धा, घरातल्या वाय-फायवरून येतात. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, तरी हे बटण बऱ्याच घरांत आजवर कुणी दाबलेलंच नसतं.

वीज गेली की राउटर बंद. तो साधारण १२ व्होल्टवर चालतो आणि ८ ते १० वॉट खातो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. त्यातली बॅटरी ३० ते ३५ वॉट-तासांची असली तर तीन तास सहज निघतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा यूपीएस लावला तर राउटर जळू शकतो. विजांच्या दिवसांत, म्हणजे मे-जून आणि पुन्हा ऑक्टोबरात, अडॅप्टर उपटून ठेवा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण केबलला आधार देणारी पोलादी तार आणि अडॅप्टर नेतात.

एक गोष्ट मात्र करू नका. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा बिनपरवाना ‘मोबाइल बूस्टर’ लावू नका. तो बेकायदा तर आहेच, शिवाय आलेली लहर गोंगाटासकट मोठी करून परत फेकतो. तुमच्या घरात दोन दांड्या वाढतात आणि त्या टॉवरवर असलेल्या शेजाऱ्यांचे कॉल तुटू लागतात. ऑनलाइन वर्तन म्हटलं की आपल्याला शिवीगाळ आणि अफवा आठवतात. पण वाड्याची सामाईक रेंज एकट्याने ओढून घेणं हेही त्यातच बसतं.

त्याऐवजी मोजमाप घेऊन तक्रार करा. कुठला वाडा, कुठली कंपनी, तारीख, वेळ आणि डीबीएमचा आकडा, असा पंधरा दिवसांचा तक्ता ग्रामसभेत मांडून ठराव घेतला तर त्याला वजन येतं. ‘आमच्याकडे रेंज नाही’ या एका ओळीचं उत्तर ‘तपासून पाहू’ एवढंच येतं. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर कुठे आहेत तेही पाहता येतं. टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती वाटून टॉवर अडवला जातो तेव्हा तिथली माहिती वाचून चर्चा केली तर बरं होईल.

अक्षरांची विषमता

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामकाजासाठी वापर करता येईल अशी तरतूद झाली. पडद्यावर मात्र बहुतेक अर्ज इंग्रजीतच उघडतात. मराठी प्राथमिक शाळेत शिकलेल्या माणसाला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरण्यासाठी मध्यस्थ लागतो तो इथे.

तांत्रिक बाजूही समजून घ्यायला हवी, कारण तिचा खर्च होतो. इंग्रजीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक चिन्ह त्यात वेगळं मोजलं जातं. त्यामुळे मराठीत पाठवलेली सूचना दोन-तीन मेसेजांची होते, पाठवणाऱ्याला तेवढे पैसे पडतात, आणि संस्था सरळ इंग्रजीत पाठवून मोकळ्या होतात. इंटरनेटवर ही अडचण जवळजवळ नाही. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. ५०० चिन्हांची सूचना दीड किलोबाइट झाली. तीच सूचना कागदावर छापून, फोटो काढून ग्रुपवर टाकली तर वॉट्सॲपने आवळल्यावरही शंभर-दोनशे किलोबाइट. म्हणजे शंभरपट डेटा. शिवाय फोटो शोधता येत नाही, मोठा केला की फाटतो, आणि अंध माणसाच्या फोनला तो वाचून दाखवता येत नाही.

ही शेवटची गोष्ट नीट सांगितली पाहिजे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाची सोय असते. ती पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. संगणकावर एनव्हीडीए हे मोफत साधन आहे, आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठीबरोबर कोकणीही बोलतो. पण ही साधनं युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीतला, मजकूर वाचतात. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं परिपत्रक त्यांना निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग वाटतो, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर त्यांच्या दृष्टीने एकही अक्षर नसतं. तपासायची रीत सोपी आहे: फाइल उघडा, एका ओळीवर बोट दाबून धरा, ओळ निवडून कॉपी करा आणि कुठेही चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर फाइल सर्वांसाठी आहे. निवडताच आली नाही किंवा भलतंच उमटलं, तर काही लोकांना ती दिलेलीच नाही असं समजा.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांचं आणि अंध व्यक्तींचं होतं. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवताना, ‘डोळे मिचकवा’ असं सांगतात. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी खातं कसं उघडायचं? न्यायालयाने पर्यायी पद्धती ठेवायला सांगितल्या. तेव्हा एखादी संस्था ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाली तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

ज्यांना दिसतं पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती कमी लोकांना माहीत आहे. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, सिलेक्ट टू स्पीक. ती चालू केली की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येतं. ते दाबून मेसेजला बोट लावलं की फोन वाचून दाखवतो. मराठी आवाज आधी उतरवून घ्यावा लागतो, तो वाय-फायवर घ्या. एक अडचण येते: सहा आकड्यांचा ओटीपी मराठी आवाज ‘चार लाख बावीस हजार...’ असा सलग संख्या म्हणून वाचू शकतो. त्यासाठी टॉकबॅकमध्ये एकेक अक्षर वाचायची पद्धत शिकवा, किंवा पडद्यावरची अक्षरं मोठी करून आकडे डोळ्यांनी जुळवायची सवय लावा. आकडे ओळखता येणं हे बहुतेकांना जमतंच.

मदत करणारा हात

आता शेजारच्या मुलाकडे वळू. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण तो जे करतो त्याने आजी पुढच्या महिन्यातही तिथेच उभी राहते, आणि उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगणं तिला नवं वाटत नाही. आकडे दुसऱ्याला सांगायचे असतात, हे तिला आपणच शिकवलेलं असतं.

म्हणून मदतीचा पहिला नियम: फोन तिच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा. मेसेज आला की तो पूर्ण वाचून मराठीत सांगा. कुणाकडून आला, कशासाठी आला, किती रुपयांचा आहे, पैसे येणार की जाणार. मग आकडे तिने टाकायचे. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागतील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दहा लागतील. पिन टाकताना मान दुसरीकडे वळवा, आणि ती वळवली आहे हे तिला दिसू द्या. पिन ही तुमच्यापासूनही लपवायची वस्तू आहे हे शब्दांनी सांगण्यापेक्षा असं लवकर पटतं. पिन पासबुकाच्या मागे किंवा फोनच्या कव्हरात लिहून ठेवलेली दिसली तर ती बदलूनच उठा.

बँकेला जोडलेला नंबर तिचाच हवा. घरोघरी नातवाचा नंबर दिलेला असतो. नातू पुण्याला जातो किंवा जहाजावर चढतो, मग ओटीपी तिकडे आणि आजी इकडे. त्याहून वाईट म्हणजे ते सिम बंद पडलं तर काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर तिसऱ्या माणसाला देते. आपल्या नावावर किती सिम आहेत हे ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतं. गोव्यात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. न घेतलेला नंबर यादीत दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवा.

दोन खाती ठेवा. पेन्शन किंवा योजनेचे पैसे जिथे येतात त्या खात्याला यूपीआय जोडू नका. दुसऱ्या छोट्या खात्यात दोन-तीन हजार ठेवून फोन त्याला जोडा. चूक झाली तरी नुकसानीला तळ राहतो.

पिन देऊन टाकण्याऐवजी आता कायदेशीर मार्ग आहेत. ‘यूपीआय सर्कल’ मध्ये खातेदार आपल्या माणसाला आपल्या खात्यातून खर्च करायची मुभा देतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी कमाल ५,००० रुपये. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला खातेदाराने स्वतः मंजुरी द्यायची. औषध आणणारी सून स्वतःच्या फोनवरून पैसे भरते आणि कुणी, कधी, किती भरले याची नोंद राहते. साध्या बटणाच्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आहे. त्याला नेट लागत नाही आणि एका वेळी १०,००० पर्यंत पाठवता येतात. ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून ७० वर्षांवरील आणि अपंग ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याची सूचना बँकांना केलेली आहे. शाखेत जाऊन ती लेखी मागा. फोन न वापरण्याचा पर्याय जिवंत ठेवणं हाही समान संधीचाच भाग आहे.

एकच गोष्ट पाठ करून घ्यायची असेल तर ही: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. शिल्लक पाहणं सोडलं तर पिन मागितली म्हणजे पैसे जाणार.

आधारचंही तसंच. प्रत दिल्याशिवाय भागत नसेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. बोटाचा ठसा वापरून खात्यातून पैसे काढले जाऊ शकतात, म्हणून आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. पण लॉक केलं आहे हे घरात सर्वांना सांगून ठेवा. नाहीतर रेशन दुकानात ठसा लागत नाही, यंत्र ३३० क्रमांकाची चूक दाखवतं, आणि बोटं झिजली म्हणून आजीला परत पाठवतात. लॉक उघडलं की ठसा लागतो.

सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून देणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, कारण त्यांच्या संगणकात अख्ख्या गावाची कागदपत्रं साठतात. ब्राउझरची खासगी खिडकी उघडूनच गिऱ्हाइकाचं काम करा. पासवर्ड ‘सेव्ह’ करू नका. गिऱ्हाइकाने वॉट्सॲपवर पाठवलेला आधार छापून झाला की चॅटमधून, डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून, तिन्ही ठिकाणांहून काढा. लोक पहिलं करतात आणि उरलेली दोन विसरतात. गिऱ्हाइकाने आपलं वॉट्सॲप दुकानाच्या संगणकावर उघडलं असेल तर जाताना फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ मधून ते बंद करून जायला सांगा. अर्जात आपला ईमेल किंवा आपला नंबर टाकू नका. सहा महिन्यांनी नूतनीकरणाचा निरोप तुमच्याकडे येईल आणि अर्जदाराला कळणारच नाही.

पैसे गेले तर पहिल्या तासात

फसवणुकीचे प्रकार बदलत राहतात, बांधणी तीच असते: घाई आणि भीती. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. जहाजावरच्या नोकरीसाठी ‘वैद्यकीय शुल्क’ आधी भरायला लावतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप बसवणारी, फाइल येते. ती बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पळवते. इथे तुम्ही कुणालाही काही सांगितलेलं नसतं, तरी खातं रिकामं होतं. शोधयंत्रावर सापडलेला ‘कस्टमर केअर’चा नंबरही बनावट असू शकतो, नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. सरकारी संकेतस्थळाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो आणि बँकांना आता ‘बँक डॉट इन’ वर यायला सांगितलेलं आहे.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन करा. मागे-पुढे पाहू नका, घरच्यांना काय वाटेल याचा विचार नंतर करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे भराभर हलवले जातात. ते अजून कुठल्यातरी खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. फोन करताना व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करा. गोव्याचं सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे, पण प्रवास करून तिथे पोचेपर्यंत १९३० थांबवू नका. एपीके बसवली असेल तर आधी तो फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. मेसेज, कॉलची नोंद, स्क्रीनशॉट काही पुसू नका.

बँकेला वेगळं, लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी ताबडतोब कळवण्यात फायदाच आहे. फसलेल्या माणसाला ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणारं घर त्याला पुढच्या वेळी गप्प बसायला शिकवतं, आणि त्या गप्प बसण्यात पहिला तास जातो.

ग्रुपवर

वाड्याचा, देवस्थानाचा, भजनी मंडळाचा, शाळेचा, असे प्रत्येकाचे चार-पाच ग्रुप असतात. मेसेजवर दोन बाणांचं चिन्ह दिसलं तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे; असा मेसेज वॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. तेवढ्या वेळात मजकुरात तारीख, ठिकाण आणि मूळ कुणाचं हे आहे का ते पाहा. पूर, मुलं पळवणारी टोळी, औषध, देऊळ यांवरचा मेसेज खात्रीशिवाय पुढे ढकलू नका. खोटी अफवा पसरवून लोकांत भीती किंवा तेढ निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याच्या मेसेजसाठी आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. त्याचा हेतूच सामील असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याने सुटला तरी ॲडमिनने घाण मजकूर काढून टाकणं ही साधी माणुसकी आहे.

फोटोंबद्दल कडक राहा. शिगमोत किंवा जत्रेत काढलेला कुणाच्या मुलीचा फोटो तिला न विचारता स्टेटसवर लावू नका. कुणाची खासगी चित्रफीत आली तर ती उघडून पाहणं, ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे पाठवणं, दोन्ही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ ई, ६७ आणि ६७ ए ही कलमं पाठवणाऱ्यालाही लागतात, आणि चित्रात मूल असेल तर ६७ बी आणि बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा. जिचं चित्र फिरतंय तिने ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेचा उपयोग करावा. मूळ फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमं तो ठसा जुळला की चित्र अडवतात. अठराखालच्या मुलांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ सेवा आहे. मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८.

घरात एकच फोन असेल तर तो कुणाला किती वेळ मिळतो, तेही पाहा. मुलाला अभ्यासाला, मुलीला ‘नंतर’, आईला कधीच नाही, अशी वाटणी असते. आठवड्याचा तक्ता करून भिंतीवर लावा, आईचं नाव त्यात घालून. तिला अर्धा तास हवा असेल तर त्यात व्हिडिओ पाहण्याबरोबर बँकेचं ॲप स्वतः उघडायचा सरावही बसतो.

पंचायतीच्या खिडकीवर

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. तिथे, मामलेदार कचेरीत आणि सेवा केंद्रात करण्यासारखी कामं फार खर्चाची नाहीत. सूचना ग्रुपवर मजकूर म्हणून टाकायची आणि तीच छापून फलकावर लावायची, कारण ग्रुपवर नसलेला माणूसही करदाताच आहे. एक संगणक लोकांसाठी, त्याला देवनागरी अक्षरं चिकटवलेला कीबोर्ड आणि एक हेडफोन. आठवड्यातून एक ठरलेली सकाळ, शक्यतो बाजाराच्या दिवशी, म्हणजे बसची फेरी वेगळी करावी लागत नाही.

आणि एक दुसरा पडदा, अर्जदाराकडे तोंड केलेला. गोव्यात याची गरज जास्तच आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘पोरोबो देसाई’, आधारवर ‘प्रभुदेसाई’. गावकर हे आडनाव रोमन लिपीत तीन कागदांवर तीन प्रकारे. ऑनलाइन पडताळणी अक्षराला अक्षर लावून पाहते, त्यामुळे एका स्वरासाठी अर्ज परत येतो, मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा फेरी. खिडकीच्या आतला माणूस टाइप करत असताना बाहेरच्या माणसाला आपलं नाव उमटताना दिसलं, तर तो तिथल्या तिथे म्हणू शकतो, ‘थांबा, आमच्या दाखल्यावर असं नाही.’